केझाया थीकरची अर्धी पायरी

पायरी अर्धीच घासून झाली होती. डावी बाजू पांढरीशुभ्र, उजवी आठवडाभराच्या बुटांनी मळलेली, आणि मधोमध गुडघ्यांखाली पोतं घेऊन बसलेली केझाया थीकर. हातात पायरीवर घासायचा पांढरा दगड होता, पण हात थांबला होता आणि कान वरच्या खिडकीकडे लागले होते.

शनिवारी अकराच्या आत दारची पायरी पांढरी करायची, ही स्कार्थविकच्या त्या बोळातली रीत. अकरानंतरही जिची पायरी काळी, तिच्या घरात एक तर कोणी आजारी आहे, नाहीतर नवराबायकोत बिनसलंय, असं धरून चालायचं. केझाया या बोळात सून म्हणून आली त्याला अडतीस वर्षं झाली होती, आणि अडतीस वर्षांत तिची पायरी अर्धी राहिली नव्हती. दोन्ही बाळंतपणांत नाही, युद्धात नाही, सासरा गेला त्या शनिवारीही नाही.

समोरच्या दारात थॉमझिनमावशी खुर्ची टाकून बसली होती. एक्याण्णव वर्षांची म्हातारी. गुडघे गेले, दात गेले. पण कान असे की धक्क्यावर कोणी शिंकलं तर कोण शिंकलं ते हिनं घरातून सांगावं.

"काय गं पोरी, दगड संपला की दम?"

"दोन्ही आहेत, मावशी."

"मग उजवी बाजू काय पाहुण्यांना बरोबर बांधून द्यायला ठेवलीस?"

केझायाचे कान अजून खिडकीतच होते. वर मिस्टर ऑर्मरॉड बायकोला वाचून दाखवत होते. चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. हळू वाचायचं म्हटलं तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा.

"'आणि याच थीकर घराण्याच्या जिन्याखाली, दोनशे वर्षांपूर्वी, तस्करांनी खणलेलं ते गुप्त तळघर आजही पाहावयास मिळतं. येथे फ्रेंच ब्रँडीची पिंपं...' विनिफ्रेड, पिंपं म्हणू की पिपे?"

"काहीही म्हण. माझा मोजा कुठाय?"

केझायानं डोळे मिटले. "देवा," ती पुटपुटली, "अकरा वाजून वीस मिनिटांनी बस आहे. तेवढ्यात तूच काहीतरी सुचव."

गोष्ट अशी होती. ऑर्मरॉड पतिपत्नी बारा वर्षं दर ऑगस्टमध्ये आठवडाभर सुट्टीला थीकरांकडे उतरत. केझाया उन्हाळ्यात वरच्या दोन्ही खोल्या पाहुण्यांना द्यायची आणि नवराबायको स्वतः मागच्या धुण्याच्या खोलीत झोपायची. बोळातली निम्मी घरं हेच करत. यंदा मिस्टर ऑर्मरॉडांनी गावाच्या इतिहासावर एक पुस्तिका लिहून काढली होती. सोमवारी ती ब्रॅडफर्डच्या छापखान्यात जाणार होती. इथवर ठीक होतं. गावात येणारा दर चौथा पाहुणा काही ना काही लिहितच असतो. पण काल संध्याकाळी, मासा आणि वाटाणे पुढ्यात असताना, त्यांनी मोठ्या प्रेमानं जाहीर केलं की पुस्तिका चॅपेलच्या दारात विकली जाईल आणि येणारी सगळी रक्कम चॅपेलच्या गळक्या छपराला. पाद्रीबाबांशी बोलणंही झालं होतं.

मथायस, केझायाचा नवरा, त्या वेळी वाटाणा गिळत होता. तो त्याला ठसकाच लागला.

कारण जिन्याखाली तस्कर कधी नव्हतेच. जिन्याखाली डुक्कर होतं.

हा शब्द इथं लिहायला हरकत नाही, कागद काही मासेमारीला जात नाही. पण स्कार्थविकच्या कोळ्यांच्या बोळात तो उच्चारायचा नसतो. कोणी उच्चारलाच तर ऐकणाऱ्यानं जवळचं लोखंड पकडायचं आणि त्या दिवशी समुद्रावर जायचं नाही; बूट चढवलेले असले तरी काढायचे. का, ते कोणी विचारत नाही. न्याहारीला बेकन, म्हणजे त्याचंच मांस, सगळ्यांना चालतं; पण अनथँक खाटकाच्या दुकानात बोळातल्या बायका बोटानं दाखवतात आणि म्हणतात, "त्यातलं दे." अनथँकही म्हणतो, "त्यातलं किती?"

केझाया मूळची बोळातली नव्हे. ती वरच्या माळरानावरची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होईपर्यंत हा शब्द ती दिवसातून वीसदा उच्चारत होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं तिला चुलीपाशी बसवून, नाव न घेता, हातवाऱ्यांनी समजावलं. तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूप घातलं. तरी बोळात तिचं नाव पडलं ते पडलंच: 'वरची'. पाव फुगला नाही, तर वरचीचं पीठ. मासा नीट साफ झाला नाही, तर वरचीचा हात. अडतीस वर्षांनंतरही.

बेचाळीसच्या सुरुवातीला, ऐन हिवाळ्यात, समुद्रात सुरुंग पेरलेले होते, होड्या आठवड्यातून दोनदाही बाहेर पडत नव्हत्या. तेव्हा केझायाच्या भावानं, सेथनं, पोत्यात घालून एक पिल्लू आणून दिलं. मथायस तीन दिवस लोखंडी कढईचा दांडा धरूनच घरात वावरला. मग भुकेनं आपलं म्हणणं मांडलं, आणि त्यानं जिन्याखालच्या कपाटाची फरशी उचकटून तीन पायऱ्या खोल खड्डा खणला, म्हणजे बाहेर आवाज जाणार नाही. आवाज तरीही जायचा. म्हणून संध्याकाळी साडेपाचला, खाऊ घालायच्या वेळी, केझाया मोठमोठ्यानं स्तोत्रं म्हणायची. ज्या दिवशी प्राणी जास्त ओरडेल त्या दिवशी ती सगळी कडवी म्हणायची. तिची भक्ती बघून चॅपेलवाल्यांनी वसंतात तिला स्तोत्रं सुरू करून द्यायचा मान दिला. तो आजही तिच्याकडेच होता, आणि दर रविवारी उभं राहिलं की पहिल्या ओळीला तिची नजर जमिनीकडे जात असे.

त्या वर्षी नाताळला प्रत्येक दारात कागदात बांधलेलं मांसाचं एकेक पुडकं गेलं. "सेथकडून आलंय," ती म्हणाली. कोणी काही विचारलं नाही.

मग सत्तेचाळीसमध्ये पहिले पाहुणे आले, तेच हे ऑर्मरॉड. छत्री ठेवायला म्हणून त्यांनी जिन्याखालचं कपाट उघडलं आणि खड्डा पाहून विचारलं, "हे काय?" मथायसनं तोंड उघडलं, आणि मिटलं. खरं सांगायचं तर नाव घ्यावं लागणार. तो नुसता पाइप चोखत उभा राहिला. मिस्टर ऑर्मरॉडांचे डोळे चमकले. "तस्कर?" ते हळूच म्हणाले. मथायसनं पाइप दातात धरून मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, यावर नवराबायकोत आजतागायत एकमत नाही.

पहिल्या वर्षी ती नुसती मान होती. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या पाहुण्यांनी विचारलं तेव्हा ब्रँडी आली. पाचव्या वर्षी एक मूर्ख जकात अधिकारी आला, आणि आठव्या वर्षी खड्ड्यातून थेट किनाऱ्यापर्यंत भुयार गेलं. ते भुयार, मथायसच्या सांगण्यानुसार, "आजोबांच्या वेळेला बुजलं." केझाया या वेळी नेहमी स्वयंपाकघरात असायची. मी काही खोटं बोलले नाही, असं ती देवाला रोज सांगायची. देव काही बोलायचा नाही, आणि तेच तिला टोचायचं.

पण घरातल्या घरात एक गोष्ट आणि चॅपेलच्या दारात, देवाच्या छपरासाठी, तीच गोष्ट छापून विकणं वेगळं. पाऊस पडून छपरातून एक थेंबही आला नाही, की तिला वाटणार, हा माझ्या खोटेपणानं अडवलाय.

तिनं दगड बादलीत टाकला, पोतं उचललं आणि आत गेली.

"अर्धीच?" मागून थॉमझिनमावशीचा आवाज आला. "अगं, मला दिवसभर समोर बसायचंय!"

स्वयंपाकघरात मथायस खेकड्यांच्या पिंजऱ्याची जाळी शिवत होता. साडेअकराला भरतीवर तो निघणार होता. चार वाजता लीड्सचं नवीन कुटुंब यायचं होतं, पाच माणसं, आणि त्यांना पत्रानं कळवलेलं होतं: संध्याकाळी ताजी मासळी.

"मी त्यांना सांगणार आहे," केझाया म्हणाली.

मथायसनं मान वर केली नाही. "काय?"

"तुला माहीत आहे काय."

"बारा वर्षं झाली, बाई. आता ते खरंच झाल्यासारखं आहे. परवा मलाच तो जकातवाला स्वप्नात दिसला."

"चॅपेलच्या दारात विकणार आहेत, मथायस."

"विकू दे की! छप्पर तर होईल. देवाला काय, कौलाशी मतलब."

"देवाबद्दल असं बोलू नकोस, सुई टोचेल."

तेवढ्यात त्याला खरंच सुई टोचली. त्यानं बोट तोंडात घातलं आणि बायकोकडे असं बघितलं, की जणू तिनंच वर निरोप धाडला होता.

"हे बघ," तो जरा नरमाईनं म्हणाला, "पाहुणे येतात कशाला आपल्याकडे? कोपऱ्यावरच्या ग्रेसकडे पाहुण्यांना समुद्र दिसतो, आपल्याकडे दिसतो का? आपल्याकडे खड्डा आहे. खड्डा गेला की राहिलं काय? तुझी पुडिंगं?"

"माझ्या पुडिंगांना काय झालं?"

"काही नाही. मी म्हटलं का काही झालं म्हणून?"

"आणि बोळात कळलं तर?" हे तिनं स्वतःलाच विचारलं. तिचा खरा जीव तिथं टांगलेला होता. पाहुणे गेले तर दुसरे येतील. पण कोळ्यांच्या बोळात, होड्या बाहेर असताना, जिन्याखाली ते आणून ठेवलं कोणी? वरचीनं. अडतीस वर्षं पांढरी केलेली पायरी एका दुपारी काळी होणार.

मथायसनं तिच्याकडे बघितलं. सुई खाली ठेवली.

"तुला सांगायचंच असेल तर सांग," तो म्हणाला. "पण एक कर. तो शब्द नको. किमान मी धक्क्याच्या पलीकडे जाईपर्यंत तरी नको. लीड्सवाल्यांना मासे हवेत ना?"

"तो शब्द मी अडतीस वर्षांत घेतलाय का कधी?"

"नाही," मथायस म्हणाला, आणि बूट शोधायला लागला.

मिस्टर ऑर्मरॉड बॅग घेऊन जिना उतरले ते थेट केझायासमोर. ती जिन्याखालच्या कपाटाला पाठ लावून, काही लपवल्यासारखे दोन्ही हात ॲप्रनमध्ये घालून उभी होती.

"मिसेस थीकर! शेवटचा एक दृष्टिक्षेप टाकू म्हटलं तळघरावर. लांबीरुंदी लिहून घ्यायची राहिली."

"मिस्टर ऑर्मरॉड, ते पान छापू नका."

"कुठलं पान?"

"तस्करांचं. इथं तस्कर नव्हते."

मिस्टर ऑर्मरॉड हसले. असं हसू त्यांनी चाळीस वर्षं, चुकीचं साल सांगणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेलं होतं. "गावच्या लोकांना हे कबूल करणं जड जातं, मी समजू शकतो. पण आता दोनशे वर्षं झाली, तुमच्यावर कोण खटला भरणार?"

"तो खड्डा मथायसनं खणलाय. बेचाळीस साली."

"सतराशे बेचाळीस?"

"एकोणीसशे."

बॅग खाली टेकली. मिस्टर ऑर्मरॉड जिन्याच्या खालून दुसऱ्या पायरीवर बसले. चेहरा पडला; पण इतिहासाचा माणूस, लगेच पुन्हा उजळला.

"युद्धात! म्हणजे कोणाला तरी लपवलं होतं. मिसेस थीकर..." त्यांनी आवाज खाली आणला, "जर्मन वैमानिक?"

"छे हो! माणूस नव्हता."

"मग शस्त्रं?"

"जिवंत होतं. खायचं."

"खायचं म्हणजे, ते खायचं की त्याला खायचं?"

"आधी ते खायचं. मग आम्ही त्याला."

"बकरी!"

"बकरीला कशाला लपवू? बकरीचं नाव घेता येतं की!"

मिस्टर ऑर्मरॉड तिच्याकडे बघतच राहिले. बारा वर्षं ते या गावात वह्या भरत हिंडले होते. 'कोळ्यांच्या समजुती' असं एक आख्खं प्रकरण त्यांनी लिहिलं होतं: शिट्टी वाजवू नये, अंडं उलटं फोडू नये, शुक्रवारी होडी पाण्यात लोटू नये. पण ही एक समजूत त्यांना कोणी सांगितली नव्हती. कशी सांगणार? सांगायची तर नाव घ्यावं लागतं.

"चार पाय," केझाया घाईनं म्हणाली. घड्याळात अकराला दहा मिनिटं कमी होती. "कान असे. शेपूट बारीक. माझ्या भावाच्या शेतावरचं. गुबगुबीत."

"ससा?"

"सशासाठी तीन पायऱ्या खोल खणतात होय?"

"मग मला नाही बुवा..."

"डुक्कर होतं, क्लेमंट," जिन्याच्या वरून मिसेस ऑर्मरॉडांचा आवाज आला. त्या एका हातात टोपीचा डबा आणि दुसऱ्या हातात सापडलेला मोजा घेऊन उतरत होत्या. शांत, जाड्याशा बाई. बारा वर्षांत त्यांनी सुट्टीत दहा-बारा वाक्यं बोलली असतील. "मी डेल्सच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं तुला, त्या कपाटात छत्री ठेवली की छत्रीला माझ्या आजोबांच्या तसल्या खोपटाचा वास येतो. तू म्हणालास, ब्रँडी."

स्वयंपाकघराच्या दारात धाडकन काहीतरी वाजलं. एका पायात बूट, दुसरा पाय मोज्यात, अशा अवस्थेत मथायस चुलीचं लोखंडी दार घट्ट धरून उभा होता. दार गरम होतं. त्यानं सोडलं नाही.

"गेली," तो म्हणाला. "आजची भरती गेली." आणि त्यानं खाली बसून बूट काढायला घेतला.

"काय झालं?" मिसेस ऑर्मरॉड घाबरल्या. "मी काही चुकीचं... नुसतं डुक्कर म्हटलं म्हणून..."

मथायसनं पुन्हा चुलीचं दार धरलं.

"असू दे," केझाया घाईनं म्हणाली, "उद्या रविवार आहे, तसाही जाणार नव्हता. दुसऱ्यांदा घेतलेलं नाव त्या दिवसात जिरलं. पण आता पुरे हं, मिसेस ऑर्मरॉड. सोमवारी त्याला जायलाच हवं."

"म्हटलं का कोणीतरी शेवटी?" समोरून आरोळी आली.

दार सताड उघडं होतं. बोळ दोन हात रुंद. थॉमझिनमावशी दाराची लोखंडी कडी धरून अर्धवट उभी राहिली होती, आणि तिच्या तोंडावर लहान मुलीसारखं कुतूहल होतं.

केझाया गर्रकन वळली. ती उंबऱ्यापर्यंत गेली, अर्ध्या पांढऱ्या पायरीवर पाय न देता तशीच उभी राहिली. "मावशी, तुम्ही ऐकलंत?"

"सतरा वर्षं वाट बघतेय मी. म्हटलं, मरायच्या आधी कोणीतरी तोंड उघडेल की नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला? बोळाला माहीत होतं! तुला काय वाटलं, नाताळचं पुडकं आभाळातून पडलं असं समजलो आम्ही? आणि ती तुझी स्तोत्रं! रोज साडेपाचला. माझा मुलगा आयझॅक म्हणायचा, वरचीनं गायला घेतलं, त्याची जेवायची वेळ झाली. तीन कडवी झाली की ओळखायचं, आज त्याला बटाट्याची सालं कमी पडली."

केझायाचे कान लाल झाले. आत मिसेस ऑर्मरॉड तोंडावर मोजा दाबून हसत होत्या.

"मग कोणी बोललं का नाही?"

"कसं बोलणार?" थॉमझिनमावशीनं हात पसरले. "नाव घेतल्याशिवाय कसं बोलणार? पहिल्यांदा वास आला तेव्हा आयझॅकनं तीन दिवस होडी बांधून ठेवली. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, वास आला, पण नाव घेतलं का कोणी? नाही ना? मग जा. गेला. पेटीभर हेरिंग मासे घेऊन आला. तेव्हापासून ठरलं. तिनं नाव घेतलं नाही तर आम्हीही नाही."

"पण मीच आणलं ते. वरचीनं."

"तेच सांगतेय ना तुला, पोरी!" म्हातारी चिडली. "वरची असतीस तर तुझ्या तोंडून निघालं असतं. एकदा तरी. चिडून, नाहीतर चुकून. आख्खं वर्ष घरात ते, आणि एकदाही नाव नाही. माझी आई म्हणाली असती, ही खालचीच. आम्ही म्हणत नाही, कारण सवय झालीय. आता या वयात नवीन नाव कुठून लक्षात ठेवू?"

केझायानं ॲप्रननं दाराची चौकट पुसली. चौकट स्वच्छच होती.

"आजही नाही घेतलंस," म्हातारी जरा खालच्या आवाजात म्हणाली. "मी ऐकत होते. ससा म्हणाला तो माणूस, तरी नाही घेतलंस. मी असते तर घेतलं असतं."

मागे मिस्टर ऑर्मरॉड मांडीवर हस्तलिखित घेऊन जिन्यावर बसलेलेच होते. त्यांचं सगळ्यांत चांगलं पान, शिवाय कल्पना त्यांचीच. बारा वर्षांपूर्वी 'तस्कर' हा शब्द या घरात त्यांनीच आणला होता, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होतं. माणूस मनानं चांगला, पण शाळेत त्यांची कोणी चूक काढलेली नव्हती चाळीस वर्षं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पानावर तिरपी रेघ मारली. फार हळू.

"सोळा पानांची पुस्तिका आहे," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "एक पान कोरं राहील. खरं ते लिहिलं तर..."

"खरं ते लिहिलंत तर त्या दिवशी आख्खं गाव बूट काढून बसेल," मथायस म्हणाला. तो आता नुसत्या मोज्यांवर, बोटाला लोणी लावत, बराच प्रसन्न दिसत होता. शनिवारी दुपारी घरी बसायला मिळणं त्याच्या नशिबात फारसं नव्हतं. "छापलेलं वाचणंही उच्चारण्यातच येतं. मोठ्यानं वाचणारे लोक असतात काही."

मिस्टर ऑर्मरॉडांनी हा टोला निमूटपणे घेतला.

"त्या पानावर यांच्या दह्याच्या टार्टची कृती घाल," मिसेस ऑर्मरॉड म्हणाल्या. "मी बारा वर्षं त्यासाठी येतेय. तुला काय वाटलं, खड्ड्यासाठी?"

केझायानं आधी मथायसकडे बघितलं. मथायस आढ्याकडे बघत होता.

"लिहा," ती म्हणाली, आणि चॅपेलमध्ये उभी राहते तशी ताठ झाली. "पण जसं आहे तसं. चक्का एक पौंड, अंडी तीन. मनुका मूठभर. ग्रेस सांगते लिंबू घाला, ते लिहायचं नाही. जायफळ चिमूटभर आणि ऑलस्पाइसची पूड त्याहून कमी. देवाच्या दारात विकणार आहात, एकही गोष्ट वाढवून लिहू नका."

त्यांनी लिहून घेतलं. मग बॅग उचलली. दारात थांबून मिसेस ऑर्मरॉडांनी विचारलं, "पुढच्या वर्षी याच आठवड्याला? तीच खोली?"

"तीच."

"आणि हा खड्ड्याबद्दल कुठं काही बोलला, तर मीच मध्ये पडेन." त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं, मग ओठांवर बोट ठेवलं, आणि अर्धी पायरी ओलांडून, पांढऱ्या भागावर टाच न लागू देता, त्या बोळात उतरल्या. शेतकऱ्याची मुलगी, तिला कळतं पायरी म्हणजे काय ते.

बस गेल्याचा आवाज आला तेव्हा केझाया परत गुडघ्यांवर बसली होती. उजवी बाजू घासायला घेतली. पाणी गार झालेलं होतं. उद्या स्तोत्र सुरू करताना नजर समोर ठेवता येते का, ते बघायचं तिनं ठरवलं. आणि मग वाटलं, सगळा बोळ आता साडेपाचची आठवण काढून हसेल. हसू दे. मान खाली घालून हसतील, प्रार्थनेच्या वेळी तशीही मान खालीच असते.

"कोपरा राहिला," समोरून सूचना आली.

"दिसतोय मला, मावशी."

"मग घास की. आणि संध्याकाळी त्या लीड्सवाल्यांना काय घालणार? तुझा कोळी तर बूट काढून बसलाय."

केझायानं कोपरा घासला, दगड धुतला, बादली गटारात ओतली. आत मथायस चुलीपुढे पाय पसरून बसला होता, आणि ते पाय ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं. चारला पाच माणसं. मासा नाही. मासा विकत आणला तर कोळ्याच्या बायकोला गावात तोंड दाखवायला नको.

तिनं खुंटीवरची टोपली घेतली, टोपी घातली, आणि त्यातलंच थंड हॅम आणायला अनथँकच्या दुकानाकडे निघाली. दोन पौंड, बोटानं दाखवून.